पर्वतप्राय म्हणजे किती?

मराठी कथेतला राक्षस उंच असतो, पण जड नसतो. तो ताडमाड वाढलेला असतो, पर्वतप्राय असतो, अक्राळविक्राळ तर असतोच. परंतु त्याच्या पायाखालची जमीन खचत नाही, तो निजतो तो पलंग मोडत नाही, आणि राजकन्येला खांद्यावर टाकून तो धावतो तो थेट हरणाच्या चालीने. आपल्या चित्रकारांचीही रीत हीच. माणसाचे चित्र घ्यावे, ते पानभर मोठे करावे, डोक्यावर दोन शिंगे आणि तोंडात दोन सुळे काढावेत, की झाला राक्षस. अलीकडे कुमारांसाठी लिहिल्या जाणाऱ्या अद्भुतकथांत परग्रहांवरचे, पाताळातले आणि निबिड अरण्यांतले नवनवे प्राणी येऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांची नावे नवी आहेत, रंग नवे आहेत. देह मात्र तसाच पोकळ आहे. हा दोष किरकोळ नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की हा दोष म्हणजेच कल्पनाशक्तीचे स्वातंत्र्य, असे मानणारे एक मत आपल्या साहित्यवर्तुळांत रूढ आहे. प्रस्तुत लेख त्या मताच्या विरोधात आहे.

ते मत थोडक्यात असे मांडले जाते. एक, कल्पित प्राणी हा कल्पितच. त्याची उंची किती आणि वजन किती हे विचारणे म्हणजे चांदण्याला तराजूत घालणे. दोन, आपल्या पुराणकथांनी असले हिशेब कधी केले नाहीत, आणि तरीही त्या शतकानुशतके टिकल्या. तीन, वाचक, विशेषतः बालवाचक, गणित मांडून कथा वाचत नाही. या तिन्ही विधानांत सत्याचा काही अंश आहे, आणि म्हणूनच ती अधिक दिशाभूल करतात.

या मताने काय नुकसान होते त्याचे एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी एका बालकथा-स्पर्धेच्या प्रवेशिका वाचण्याची संधी मला मिळाली. एका तेरा वर्षांच्या मुलाने डोंगरातल्या एका अजस्र प्राण्याची कथा लिहिली होती, आणि शेवटी वहीच्या पानावर त्या प्राण्याची उंची, वजन, पावलाची लांबी आणि दिवसाचे खाणे यांचे कोष्टक जोडले होते. कथेत तो प्राणी लाकडी पुलावर पाय ठेवत नाही; नदीचा उतार शोधत मैलभर वळसा घालतो, आणि त्या वळशामुळेच गावकऱ्यांना निसटायला वेळ मिळतो. परीक्षकांचा शेरा होता, की कल्पनेला आकड्यांचा लगाम घालू नये. कोष्टकावर लाल रेघ मारलेली होती. ज्या वळशावर सारी कथा उभी होती तो वळसा त्या कोष्टकातूनच निघाला होता, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढील वर्षी त्या मुलाची प्रवेशिका आली नाही, एवढेच नोंदवतो.

वास्तविक बिर्लानगरच्या माणसाला तरी लांबी आणि वजन यांचे नाते परके वाटू नये. १९२१ साली घनश्यामदास बिर्लांनी ग्वाल्हेरात जियाजीराव कॉटन मिल स्थापन केली. तिच्याभोवती ही वस्ती वाढली, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मिल बंद पडेपर्यंत येथल्या घराघरांत सुताचीच भाषा बोलली गेली. सूत ओळखले जाते ते नंबरावरून, आणि नंबर म्हणजे दुसरे काही नसून लांबीचे वजनाशी असलेले प्रमाण. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. २० नंबरचे सूत एका पौंडात १६,८०० यार्ड भरते. आता ४० नंबरचे सूत आणि १० नंबरचे सूत शेजारी ठेवून पाहावे. दुसऱ्याची जाडी पहिल्याच्या साधारण दुप्पट दिसते, पण तेवढ्याच लांबीचे वजन मात्र चौपट भरते, कारण धागा एका बाजूने नव्हे तर दोन्ही बाजूंनी जाड झालेला असतो. जाडीबरोबर लांबीही दुप्पट केली तर वजन आठपट होते. कल्पित प्राण्यांच्या देहाचा सगळा मूळ नियम एवढाच आहे. तो कळण्यासाठी विद्यापीठाची पायरी चढावी लागत नाही. साच्यावर काम केलेला कोणीही माणूस तो सांगू शकेल.

हा नियम गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला, आणि मोठ्या प्राण्याचे हाड नुसते लांब करून भागत नाही, ते बेढब वाटेल इतके जाड करावे लागते, हे आकृती काढून दाखवले. पुढे जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली योग्य आकारमानावर एक निबंध लिहिला. एका जुन्या इंग्रजी धर्मकथेतील साठ फूट उंचीचे राक्षस त्यांनी हिशेबाला घेतले. माणसाच्या दहापट उंच, दहापट रुंद आणि दहापट जाड. म्हणजे वजन हजारपट. पण हाडाचा छेद वाढला तो शंभरपटच. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर दहापट भार. माणसाच्या मांडीचे हाड सुमारे दहापट भाराला मोडते. तात्पर्य, तो राक्षस पहिले पाऊल टाकतानाच मांडी मोडून बसेल. हे हाल्डेन १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. त्यांचा युक्तिवाद परका म्हणून झटकून टाकायचा असेल, तर निदान एवढे लक्षात घ्यावे.

लेखकाला हा नियम कसा वापरता येईल? एक साधे उदाहरण घेऊ. माणूस १७० सेंटिमीटर उंच आणि ६५ किलो वजनाचा धरला, तर त्याच घडणीचा दुप्पट उंचीचा राक्षस, म्हणजे ३४० सेंटिमीटरचा, ५२० किलो भरेल. येथे एक फसगत नेहमी होते. डॉक्टरांच्या तक्त्यात वजनाला उंचीच्या वर्गाने भागतात. ते प्रमाण राक्षसाला लावले तर वजन २६० किलो येते, म्हणजे बरोबर निम्मे. तो तक्ता साधारण उंचीच्या प्रौढ माणसांकरिता आहे. चार-दोन इंचांच्या फरकाला तो चालतो, दुपटीला चालत नाही. आता या ५२० किलोंचा भार पेलायचा तर हाडांचा छेद चौपट होऊन पुरत नाही, आठपट हवा. म्हणजे पायाच्या हाडाची जाडी दुपटीऐवजी पावणेतीन पटींहून थोडी अधिक. मग पाय खांबासारखे होतात, पावले पसरट होतात, आणि वजन आणखी वाढते. राक्षसाचा देह असा घडत जातो. तो चित्रात कसा उभा राहील, जिना कसा चढेल, वाकला तर कसा वाकेल, हे सारे या एका भागाकारातून हाती येते.

हे केवळ कागदावरचे नाही. ज्याची उंची निःसंशय मोजली गेली असा सर्वांत उंच माणूस म्हणजे अमेरिकेतील रॉबर्ट वॅडलो. त्याची उंची २७२ सेंटिमीटर आणि वजन सुमारे १९९ किलो होते. आपल्या वरच्या हिशेबाने त्याचे वजन २६६ किलो यायला हवे. म्हणजे घडणीने तो सडपातळच होता. तरीही त्याला चालण्यासाठी पायांना धातूचे आधार लावावे लागत, पायांतली संवेदना मंदावली होती, आणि १९४० साली अशाच एका आधाराने घोट्याला घासून झालेला फोड चिघळून वयाच्या बाविसाव्या वर्षी तो वारला. उंची ही देणगी नव्हे, तो एक रोजचा भार आहे, हे या एका आयुष्यातून कळते. आपल्या किती कथाकारांनी आपल्या राक्षसाचे गुडघे कधी दुखवले आहेत? आणि राक्षसाचे गुडघे दुखतात ही कल्पना 'अक्राळविक्राळ' या विशेषणाहून अधिक करुण आणि अधिक भयंकर नाही काय?

येथे कोणी म्हणेल, की मग डायनोसॉर कसे होते? अवश्य होते, आणि आपल्याच प्रदेशात होते. जबलपूरजवळ १८२८ साली स्लीमन यांना भारतातील पहिले डायनोसॉर-अवशेष सापडले. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या परिसरातही त्याच कुळातील लांब मानेच्या प्राण्यांची हाडे मिळाली आहेत. त्या कुळातील मोठे प्राणी कित्येक टन वजनाचे होते. पण ते नियम मोडून नव्हे, नियमाला पुरेपूर किंमत मोजून मोठे झाले. चार पाय स्तंभासारखे सरळ; मणक्यांत हवेच्या पोकळ्या, त्यामुळे लांब मान पेलवे; डोके लहान, कारण घास चावत बसायचे नाही, नुसता गिळायचा. मोठेपणाची अशी किंमत मोजलेला प्राणी पाहिला की विस्मय कमी होत नाही, वाढतो. आजचा हत्तीही तेच सांगतो. आफ्रिकेतला मोठा नर सहा टनांचा. तो वेगाने चालतो, पण उडी मारू शकत नाही. आमच्या कथांतले दहा हत्तींएवढे प्राणी मात्र तटावरून तटावर उड्या मारतात.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. आपल्या परंपरेने माप मानले नाही, हे म्हणणारे परंपरा वाचतात की नुसती मिरवतात, असा प्रश्न पडतो. भारतीय शिल्पशास्त्राचा पायाच तालमान हा आहे. शुक्रनीतीत वामनमूर्तीला सात ताल, मानुषी मूर्तीला आठ, दैवी मूर्तीला नऊ आणि राक्षसी मूर्तीला दहा ताल सांगितले आहेत. म्हणजे राक्षस हा मोठा केलेला माणूस नव्हे. डोक्याशी देहाचे प्रमाणच त्याचे निराळे, हे त्या शास्त्रकारांना ठाऊक होते. अवंतीच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत उत्तम, मध्यम आणि हीन पुरुषाची उंची अनुक्रमे १०८, ९६ आणि ८४ अंगुळे दिली, आणि तेथेच वजनाचाही विचार केला: अर्धा भार वजनाचा सुखी, एक भाराचा धनाढ्य, दीड भाराचा सम्राट. वजनाचा आणि राजयोगाचा संबंध आपण बाजूला ठेवू. पण उंची सांगितली की वजनही सांगावे लागते, ही जाणीव सहाव्या शतकात माळव्यात होती, हे विसरून चालणार नाही.

पुराणकथांचे तर काय सांगावे! अष्टसिद्धींची यादी आठवावी. अणिमा आणि महिमा या लहानमोठे होण्याच्या सिद्धी. लघिमा आणि गरिमा या हलके-जड होण्याच्या. दोन्ही जोड्या वेगवेगळ्या मोजल्या आहेत. आकार ही एक गोष्ट आणि वजन ही दुसरी, आकार बदलला म्हणून वजन मनाजोगते बदलत नाही, त्यासाठी स्वतंत्र सामर्थ्य लागते, हे यापेक्षा स्पष्ट कोणत्या शब्दांत सांगायचे? वनपर्वात भीमाला वाटेत आडव्या पडलेल्या म्हाताऱ्या वानराचे शेपूट उचलत नाही. तो प्रसंग चित्तवेधक का होतो? वानराच्या शेपटाचे वजन किती असावे हे श्रोत्याला आपल्या हाताने ठाऊक असते, म्हणून. भागवतात तृणावर्त वावटळीच्या रूपाने बाळकृष्णाला उचलून नेतो, आणि मग ते तान्हे मूल त्याला पेलेनासे होते. तान्ह्या मुलाला वजन असते हे गृहीत धरल्यावाचून या कथेत चमत्कारच उरत नाही. ज्या कथेत कशालाच वजन नाही तिच्यात जड होणे हा चमत्कार कसा घडणार?

आणि बकासुर! एकचक्रानगरीच्या त्या कथेत व्यासांनी राक्षसाचे सुळे वर्णिण्यावर भिस्त ठेवलेली नाही. त्यांनी त्याचा शिधा सांगितला: गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा एक माणूस. हा शिधा ठरलेला आहे म्हणून पाळी आहे. पाळी आहे म्हणून त्या ब्राह्मणाच्या घरातले रडणे आहे. रडणे आहे म्हणून कुंतीचा निर्णय आहे. सारी कथा मापातून उगवली आहे. बकासुर 'फार खाई' एवढेच लिहिले असते तर एकचक्रेत कोणाचा डोळा ओला झाला नसता. परंपरेचा दाखला द्यायचा असेल तर हा द्यावा.

यावर एक चांगला प्रतिप्रश्न निघू शकतो, तोही पाहू. रायगडाच्या महादरवाजावर शरभाचे शिल्प आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या दारांवर शरभाने पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेले दिसतात. कोणार्कला सिंह हत्तीवर आरूढ आहे आणि हत्तीखाली माणूस. कोणार्कच्याच धर्तीवर ग्वाल्हेरात १९८८ साली उभ्या राहिलेल्या विवस्वान मंदिरामुळे ती शिल्पपरंपरा आपल्याही दारी आली आहे. तेथे कोणते प्रमाण आहे? माझे उत्तर असे, की शरभ हे चिन्ह आहे, पात्र नव्हे. राजमुद्रेवरचा सिंह शिकार करत नाही. तो सत्तेची खूण आहे, आणि खुणेला भूक, झोप, थकवा नसतो. कथेतल्या प्राण्याला हे सर्व असते. तो एका जागेहून दुसऱ्या जागी जातो, त्याला पाऊस लागतो, तो मरतो. चिन्हाचे नियम पात्राला लावणे हा वर्गीकरणाचा घोटाळा आहे. शिवाय ज्या शिल्पकाराने तो शरभ घडवला त्याला दगडाचे वजन पदोपदी ध्यानात घ्यावेच लागले होते. नाहीतर शिल्पाची जागा दरवाजावर नसून खंदकात असती.

आपल्या शहरातच याची एक गमतीची साक्ष आहे. जयविलास राजवाड्याच्या दरबार दालनातली दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची. ती टांगण्यापूर्वी छताची परीक्षा घेण्यासाठी हत्ती वर चढवून फिरवले होते, असे सांगितले जाते. आख्यायिकेतली अतिशयोक्ती वजा केली तरी तिच्यामागची वृत्ती पाहण्यासारखी आहे. झुंबर कितीही स्वप्नवत असो, ते कशाला तरी टांगावे लागते, आणि ज्याला टांगायचे त्याची ताकद आधी पाहावी लागते. आमचे कथाकार झुंबर टांगतात, पण छत बांधत नाहीत.

उंचीवरून वजन काढताना घडण विसरू नये, हे सांगायलाही दूर जाण्याचे कारण नाही. ग्वाल्हेरच्या भोवतालच्या शेतांत सारस दिसतो. पूर्ण वाढलेला सारस जवळजवळ माणसाएवढा उंच होतो, आणि वजन? सात-आठ किलो. तेवढ्याच उंचीचा माणूस त्याच्या नऊ-दहापट भरतो. पोकळ हाडे, काठीसारखे पाय, पिसांचा फुगारा. म्हणून कल्पित प्राणी घडवताना पहिला प्रश्न 'किती उंच' हा नसून 'कोणाच्या जवळचा' हा असावा. त्याचा सख्खा नातेवाईक शोधावा. सारस, अस्वल, घोरपड, जो असेल तो. त्याची उंची आणि वजन टिपावे. उंची जितक्या पटीने वाढवली त्या पटीचा घन करून वजनाला गुणावे. आणि मग पाय, पंख, मान यांना तो भार पेलतो की नाही हे पाहून घडण सुधारावी. एवढाच विधी आहे. त्याला पाऊण तास लागतो.

उडणाऱ्या प्राण्यांत तर हा विधी टाळलाच जातो. पाठीवर नायकाला घेऊन सात समुद्र ओलांडणारे पक्षी आपल्या कथांत विपुल आहेत. उडू शकणाऱ्या आजच्या जड पक्ष्यांत माळढोकाची गणना होते. मोठा नर पंधरा किलोंच्या आसपास. त्याच्यासाठी ग्वाल्हेर जिल्ह्यात घाटीगावला आणि शिवपुरीत करैऱ्याला अभयारण्ये झाली. पक्षी मात्र तेथून नाहीसा झाला. आता दहा किलोंचे, पावणेतीन मीटर पंखविस्ताराचे हिमालयीन गिधाड घेऊन ते तिप्पट केले, तर विस्तार सव्वाआठ मीटर आणि वजन २७० किलो. पंखांचे क्षेत्रफळ नऊपट वाढले, भार सत्तावीसपट. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस फुटावर तिप्पट ओझे, आणि हवेत टिकायला पावणेदोन पट वेग. हे अशक्यच असे नाही. उत्तर अमेरिकेत सापडलेल्या केट्झालकोएटलस या उडत्या सरीसृपाचा पंखविस्तार सुमारे दहा मीटर होता, आणि अनेक अभ्यासक त्याचे वजन दोनशे ते अडीचशे किलो धरतात. तेव्हा नायकाला घेऊन उडणारा पक्षी लिहिता येईल; पण तो अंगणात चिमणीसारखा उतरणार नाही. त्याला कडा लागेल, वाऱ्याची दिशा पाहावी लागेल, नायकाला गाठोडे टाकून द्यावे लागेल. गाठोड्यात काय ठेवावे आणि काय टाकावे, हा कथेचा प्रश्न नव्हे काय?

याउलट पाणी उदार आहे. चंबळेतली सुसर, जिला इकडे घडियाल म्हणतात, तिचा नर पाच-सहा मीटरांपर्यंत वाढतो. निळा देवमासा तीस मीटरांजवळ जातो आणि शंभर टनांहून कितीतरी अधिक भरतो. पाणी त्याचा भार उचलते. तोच देवमासा किनाऱ्यावर पडला तर त्याचा देहच त्याच्या जिवावर उठतो. आपल्या पूर्वजांनी मकर हे गंगेचे वाहन केले, रानातले नव्हे. शंभर टनांचा प्राणी हवा असेल तर त्याला नदी द्या, समुद्र द्या. डोंगरवाटेने धावायला लावू नका.

राहिला तिसरा आक्षेप, वाचक हिशेब करत नाही हा. कागदावर करत नाही, हे मान्य. पण प्रत्येक मुलाने पाण्याची कळशी उचललेली असते, धाकट्या भावाला कडेवर घेतलेले असते, झाडाच्या बारीक फांदीवर पाय ठेवून काळजाचा ठोका चुकलेला असतो. वजनाचे ज्ञान वाचकाच्या अंगात असते. कथा त्या ज्ञानाशी जुळली तर त्याला ती खरी वाटते. न जुळली तर चूक कुठे हे त्याला सांगता येत नाही, पण तो पुस्तक मिटतो. जोनाथन स्विफ्टने १७२६ साली गलिव्हरची कथा लिहिली तेव्हा लिलिपुटच्या गणितज्ञांकडून त्याने हिशेब करवून घेतला: उंची बारापट, तेव्हा अन्न बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १७२८ जणांचे. आजचे शरीरशास्त्र सांगते, की प्राण्याची अन्नाची गरज वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून सावकाश वाढते. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली दाखवलेल्या नियमाने गलिव्हरला सुमारे २७० जणांचा शिधा पुरला असता. स्विफ्टचा आकडा चुकला. पण त्याने आकडा काढला, आणि त्यातून खजिन्यावरचा बोजा, दरबारातली कुरबुर, गलिव्हरला पोसावे की मारावे हा वाद, हे सारे निघाले. चुकलेल्या मापानेही कथा चालली. माप नसल्याने ती चालत नाही.

एवढे म्हटल्यावर एक मर्यादा मी स्वतःच घालतो. कथेत कोष्टके छापावीत असे माझे म्हणणे नाही. आकडा लेखकाच्या वहीत राहावा. वाचकाला त्याचा परिणाम दिसावा: खचलेला उंबरा, वाकलेली तुळई, ओल्या मातीत गुडघाभर रुतलेले पाऊल. नियम मोडण्यासही माझी हरकत नाही. प्राण्याची हाडे पोलादाची असोत, त्याचा ग्रह निम्म्या गुरुत्वाकर्षणाचा असो, त्याला गरिमा-लघिमा वश असोत. पण ते सांगावे आणि शेवटपर्यंत पाळावे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि ती पहिली आली. नावाच्या वलयावाचून, नियम पाळणारी कथा मराठी परीक्षकांनी पन्नास वर्षांपूर्वी ओळखली होती. तेव्हा जे जमले ते आज लाल रेघेत का बुडावे?

हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याला अधिक जवळचा आहे. १९६१ साली याच ग्वाल्हेरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि कुसुमावती देशपांडे या पहिल्या महिला अध्यक्ष लाभल्या. त्या वेळच्या श्रोत्यांची नातवंडे-पतवंडे आज घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात. त्या मुलांच्या हाती येणाऱ्या इंग्रजी पुस्तकांत कल्पित प्राण्यांचे सांगाडे असतात, पावलांचे ठसे असतात, शेजारी माणूस उभा करून काढलेली मापाची चित्रे असतात. आणि मराठीत? पर्वतप्राय. अजस्र. महाकाय. मुलगा विचारतो, 'पर्वतप्राय म्हणजे किती, आजोबा?' आणि आपण त्याला म्हणतो, की असे विचारायचे नसते. जी भाषा प्रश्नाला उत्तर देत नाही तिच्यात तो कल्पना करणे सोडून देईल, आणि मग ती भाषा सणासुदीच्या शुभेच्छांपुरती उरेल. बृहन्महाराष्ट्रातल्या मराठीच्या ऱ्हासावर आपण दरवर्षी ठराव करतो. त्या ऱ्हासाचा एक लहानसा भाग आपल्याच शेऱ्यांनी घडतो, हे मान्य करायला हवे.

म्हणून माझी मागणी माफक आहे. आपल्या मंडळांच्या बालकथा आणि चित्रकथांच्या स्पर्धांतून आकड्यांविरुद्धचा तो शेरा कायमचा जावा. प्रवेशिकेसोबत 'प्राण्याची वही' जोडण्याची मुभा असावी, आणि परीक्षकांनी ती कथेइतक्याच आस्थेने वाचावी. चित्रकारांनी राक्षसाशेजारी एक दार, एक बैल किंवा एक माणूस न चुकता काढावा. गिरणीतून निवृत्त झालेली जी वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत त्यांनी एखाद्या रविवारी मुलांना दोन नंबरांची सुते शेजारी ठेवून दाखवावीत. यासाठी निधी लागत नाही, ठराव लागत नाही. आणि यापुढे कोणी लेखक 'पर्वतप्राय' असे लिहील, तेव्हा संपादकाने समासात एकच प्रश्न लिहून हस्तलिखित परत करावे: किती?